दुसऱ्या हाताने पिस्तूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उजव्या हाताने पिस्तूल चालवणाऱ्या नेमबाजाला काही कारणाने डावा हात तयार करायची वेळ आली, की रेंजवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं लिहिताना मुख्यतः १० मीटर एअर पिस्तूल (हवेच्या दाबाने छर्रा मारणारं) डोळ्यांसमोर आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. परवान्याच्या हत्याराबद्दलही एक प्रश्न आहे, तो जरूर वाचा. डावखुऱ्यांनी सगळीकडे डावं-उजवं उलटं करून वाचावं. जन्मभर तेच करत आल्याने त्यांना ते जड जाणार नाही.

खांदा दुखतोय. हात बदलू का?

आधी डॉक्टर, मग फिजिओ, आणि हात बदलायचा विचार त्यानंतर. खांदा, कोपर, मनगट यांची बरीचशी दुखणी विश्रांती, व्यायाम आणि तंत्रातली दुरुस्ती यांनी मार्गी लागतात. कोल्हापूरची राही सरनोबत कोपराच्या दुखापतीने बराच काळ मागे पडली होती. ती त्याच हाताने परतली आणि २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेऊन आली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

हाताला कायमची इजा झाली असेल, किंवा प्लास्टर कित्येक महिने निघणार नसेल आणि रेंज सोडवत नसेल, तर दुसरा हात घ्या. तुम्ही अगदी नवे आहात आणि तुमचा प्रबळ डोळा (नेम धरताना नजर ज्याच्यावर विसंबते तो) डावा निघाला, तरीही विचार करायला हरकत नाही. मात्र स्कोअर अडकलाय म्हणून हात बदलू नका. अडकलेला स्कोअर नव्या हातात तुमच्या आधी पोचलेला असतो.

वय वाढल्यावर दुसरा हात खरंच तयार होतो?

होतो. या प्रश्नाला सगळे एकच नाव घेतात, तेव्हा तेही सांगून टाकतो. कारोय टाकाच हा हंगेरीच्या सैन्यातला सार्जंट. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्याचा विचार झाला नाही, कारण तेव्हा तिथे ही संधी फक्त कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांना होती. १९३८ मध्ये प्रशिक्षणादरम्यान एक सदोष हातबॉम्ब हातातच फुटला आणि उजवा हात गेला. महिनाभर रुग्णालयात काढल्यावर त्याने कोणाला फारसं न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९३९ मध्ये हंगेरीचं पिस्तुलाचं विजेतेपद मिळवलं. युद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ मध्ये लंडनला, वयाच्या ३८व्या वर्षी, २५ मीटर रॅपिड फायरमध्ये (ठरलेल्या सेकंदांत भराभर गोळ्या झाडायच्या प्रकारात) ५८० गुणांचा विश्वविक्रम करून त्याने सुवर्ण जिंकलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा तेच.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि जिद्द होतीच. पण प्रशिक्षकाच्या नजरेने पाहिलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. टाकाच अपघाताआधीच वरच्या दर्जाचा नेमबाज होता. साइट (नेम धरायची पिस्तुलावरची पुढची-मागची खूण) कशी दिसली पाहिजे, शॉट कधी सुटू द्यायचा, कधी थांबायचं, हे सगळं त्याच्याजवळ शाबूत होतं. त्याचा हात नवा होता, नेमबाज जुनाच होता. ज्याने उजव्या हाताने आतापर्यंत चार-सहा महिनेच काढलेत त्याने टाकाचच्या वर्षभराशी आपली तुलना करू नये.

मनीष नरवालचं उदाहरणही याच जोडीला दिलं जातं, पण ते वेगळं आहे. त्याच्या उजव्या हातात जन्मापासून व्यंग आहे, त्यामुळे तो डाव्या हातानेच शिकला. टोकियो पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मिश्र पिस्तुलात सुवर्ण आणि पॅरिसला २०२४ मध्ये १० मीटरमध्ये रौप्य ही त्याची कमाई. त्याने हात बदललेला नाही, त्याचा हात तोच आहे.

आधी डाव्या हाताची ताकद वाढवू ना?

थोडी वाढवा, पण सगळी मदार तिच्यावर ठेवू नका. डाव्या हातावर आलेला माणूस पहिल्या दिवसापासून डंबेल उचलायला लागतो आणि खरी अडचण तशीच राहते. ती अडचण आहे तर्जनी.

जरा हिशोब करू. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. समजा डाव्या हाताला सवय नसल्याने अख्खं पिस्तूल न वळता एक सेंटिमीटर बाजूला सरकलं. छर्राही तेवढाच, म्हणजे एक सेंटिमीटर बाजूला लागेल. १० मीटरच्या टार्गेटवर ११.५ मिलिमीटर व्यासाची दहाची रिंग आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा धरला तर हा शॉट नऊचा. काही बिघडलं नाही. आता पिस्तूल अगदी मध्यावर आहे, पण ट्रिगर ओढताना बोटाने ते किंचित वळवलं आणि मागच्या खाचेत पुढची साइट फक्त एक मिलिमीटर सरकली. हा एक मिलिमीटर १० मीटरवर सुमारे तीस मिलिमीटर होतो. शॉट थेट सातवर.

म्हणजे हाताची थरथर दिसते मोठी, पण नुकसान कमी करते. बोटाचा धक्का दिसतच नाही आणि तीन गुण घेऊन जातो. डाव्या हाताची बोटं एकेकटी हलायला शिकलेली नसतात. तर्जनी वळली की मधलं बोट, अनामिका, करंगळी सगळी तिच्यामागून आवळली जातात आणि पिस्तूल मुठीत पिळलं जातं. तर्जनी सरळ मागे येतेय आणि बाकीच्या बोटांचा दाब तसूभरही बदलत नाही, हे साधेपर्यंत डंबेल कितीही उचला, ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, पसरलेलाच राहणार.

ताकदीसाठी घरातली एक लिटरची पाण्याची बाटली पुरते. भरलेली बाटली साधारण एक किलोची होते, मॅच एअर पिस्तूलही त्याच्या आसपासच असतं. हात खांद्याच्या उंचीवर सरळ धरा, दहा-पंधरा सेकंद थांबा, खाली घ्या, तेवढ्याहून जास्त विश्रांती घ्या. खांदा वर चढायला लागला की त्या दिवसापुरतं बंद करा.

पहिले काही आठवडे नेमकं काय करायचं?

छर्रे बाजूला ठेवा. सुरुवातीचा जवळजवळ सगळा सराव ड्राय, म्हणजे छर्रा न भरता. पिस्तूल रिकामं आहे हे उघडून, डोळ्यांनी पाहून खात्री करायची, छर्रे त्या खोलीतच ठेवायचे नाहीत, आणि पिस्तुलाला ड्राय फायरची सोय नसेल तर ट्रिगर ओढायचा नाही.

मग कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं. टार्गेट मुद्दाम नको, कारण टार्गेट दिसलं की नवा हात दहा शोधायला धावतो. भिंतीवर बघण्यासारखं एकच असतं, खाचेत बसलेली पुढची साइट, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. ट्रिगर सुटताना तो उजेड हलला का, एवढंच पाहायचं. हलला तर का हलला, हे त्याच क्षणी कळतं. रोज पंधरा-वीस मिनिटं याला द्या. आठवड्यातून एकदा तीन तास करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

उभं राहणंही आरशातल्यासारखं उलटं होतं. डावा पाय टार्गेटकडे, उजवा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून स्थिर. डोळे मिटून हात उचला, सैल सोडा, डोळे उघडा. पिस्तूल जिथे रोखलेलं असेल ती तुमच्या शरीराची नैसर्गिक दिशा. ती टार्गेटच्या बाजूला निघाली तर मनगटाने ओढून आणू नका, मागचा पाय सरकवा. हे उजव्या हाताला तुम्ही विसरण्याइतकं सवयीचं झालेलं असतं, म्हणूनच डाव्या हाताच्या वेळी करायचं राहून जातं.

टार्गेटवर आल्यावर पहिल्यांदा कोऱ्या बाजूवर मारा, काळं वर्तुळ नको. गुण मोजू नका, ग्रुप बघा. आणि हात स्थिरावल्यावर सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. नव्या हाताला ‘आता सुटेल, आता सुटेल’ करत थांबायची फार खोड असते.

माझा प्रबळ डोळा उजवाच आहे. मग?

आधी तपासा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी ठेवा, तिच्यातून लांबचा दिव्याचा खांब बघा, एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब खिडकीतच राहतो तो प्रबळ.

डावा हात आणि उजवा डोळा अशी जोडी पडली म्हणून घाबरू नका. पिस्तुलात ती रायफलइतकी अडत नाही, कारण इथे गाल बटाला टेकवायचा नसतो. डोकं किंचित डावीकडे वळवा, छाती टार्गेटकडे थोडी जास्त उघडा, म्हणजे साइट उजव्या डोळ्यासमोर येतात. हात आणि डोळा दोन्ही एकदम बदलायचा हट्ट मात्र धरू नका. डावा डोळा मिटून ठेवण्यापेक्षा त्यापुढे पट्टी लावा, चेहऱ्याचे स्नायू ताणले जात नाहीत. स्पर्धेत ही पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

नेमबाजीचा चष्मा असेल तर फ्रेम नव्याने बसवून घ्या. डोक्याचा कोन बदलला की नजर भिंगाच्या मध्यातून जात नाही आणि पुढची साइट उगाच पुसट दिसते. अनेकांना वाटतं डोळे बिघडले.

उजव्या हाताचंच पिस्तूल डाव्या हाताने चालेल?

पिस्तूल चालेल, ग्रिप नाही. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाउ यांच्या मॅच पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप तळहाताच्या आकारावर कोरलेल्या असतात, आणि डाव्या-उजव्या वेगळ्या मिळतात. उजवी ग्रिप डाव्या मुठीत धरली तर अंगठ्याचा उंचवटा बोटांखाली येतो, तळव्याची फळी भलत्या बाजूला राहते आणि ट्रिगरपर्यंत बोट वाकडं पोचतं. अशा ग्रिपवर ‘फक्त आठवडाभर’ केलेला सराव काढून टाकायला महिने लागतात.

डावी ग्रिप आपल्याकडे दुकानात तयार क्वचित असते, मागवावी लागते, तेव्हा ती यायच्या आधीच्या दिवसांत क्लबचं दोन्ही हातांना चालणारी ग्रिप असलेलं शिकाऊ पिस्तूल मिळतं का बघा. ग्रिप आली की लगेच कानस घेऊन बसू नका. नवा हात पहिल्या महिन्यात पकड बदलत राहतो, तो एका जागी स्थिरावू द्या, मग घासा आणि पुट्टी भरा. नियमांची चौकट तीच राहते. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅम. ट्रिगरची मांडणी उजव्या हाताला होती तीच ठेवा, म्हणजे बदललं काय ते कळतं.

एक फायदा मात्र कोणी सांगत नाही. पिस्तूल डाव्या हातात आलं की तो इवलासा छर्रा भरायचं काम तुमच्या हुशार हाताकडे येतं. छर्रे खाली पडायचे कमी होतात.

शॉट सारखे उजवीकडे खाली का जातात?

उजव्या हाताने मारणाऱ्याचा झटका साधारणपणे डावीकडे खाली जातो. डाव्या हाताने तोच आरशात दिसतो. कारण वर आलंच आहे, बोटाबरोबर मूठ आवळली जाते. साइटचे स्क्रू फिरवून हे लपवू नका. ज्या दिवशी झटका नाहीसा होईल त्या दिवशी सगळे शॉट डावीकडे वर जातील आणि तुम्हाला वाटेल काहीतरी बिनसलं. पिस्तूल दुसऱ्या हाताच्या ग्रिपवर आणल्यावर साइट थोड्या हलवाव्या लागतात, हे वेगळं. तेवढं ग्रुप जमायला लागल्यावर करा.

घड्याळ, कडं, राखी चालते का?

ज्या हाताने पिस्तूल धरता त्या हातात नाही. मनगटाला कसलाही आधार मिळता कामा नये, म्हणून घड्याळ, पट्टा, ब्रेसलेट आणि तसलं काहीही त्या हातावर घालायला आंतरराष्ट्रीय नियमांत मनाई आहे. उजव्या हाताने मारणाऱ्याचं घड्याळ डाव्या मनगटावर असायचं, कधी अडलं नाही. हात बदलल्यावर तेच घड्याळ नेमकं चुकीच्या हातावर असतं आणि माणूस ते विसरतो. बायकांच्या बांगड्यांचं, गंडे-दोऱ्यांचंही तेच. श्रावणात राखी काढायची नसेल तर बहिणीला दुसऱ्या हातावर बांधायला सांगा, उगाच पंचांशी वाद नको.

रेंजवर कुठली लेन घेऊ?

शक्य असेल तर सर्वांत उजवीकडची. उजव्या हाताने मारणाऱ्याची छाती डावीकडे वळलेली असते, तुमची आता उजवीकडे असेल. तुमच्या उजव्या बाजूला कोणी असलं तर तुम्ही दोघं समोरासमोर येता, आणि १० मीटरच्या लेनची रुंदी मीटरभर असताना ती नजरानजर त्रासदायक होते. टोकाला उभं राहिलं की तुमच्यासमोर भिंत आणि पाठीला पाठ लावून शेजारी. स्पर्धेत लेन चिठ्ठीने किंवा यादीने येते, तिथे इलाज नाही, म्हणून अधूनमधून मधल्या लेनवरही सराव करा.

लहानपणी मी डावरा होतो, मारून मुटकून उजवा केला. मला सोपं जाईल?

कदाचित, आणि करून बघायलाच हवं. पानावर डाव्या हाताने घास घेतला, प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून फटके खाल्लेली आपली एक अख्खी पिढी आहे. लिहिणं-जेवणं उजव्यावर आलं तरी फेकणं, कॅरमचा स्ट्रायकर, हातोडी डाव्यानेच चालते असे लोक भेटतात. अशांना डाव्या हातात पिस्तूल दिल्यावर बोट लवकर मोकळं होतं. पण तुमची कॅरमसुद्धा उजव्या हाताने असेल तर इतर सगळ्यांसारखाच वेळ लागेल.

माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डाव्या बाजूला लावून फिरू का?

जो हात अजून शिकलेला नाही त्याच्या भरवशावर भरलेलं हत्यार बाळगू नका. ते घरी कुलपात ठेवा, किंवा परवान्याच्या अटींनुसार पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. काही महिने हत्याराविना काढणं हा बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत सुरक्षित पर्याय आहे.

हात कायमचा गेला असेल तर गोष्ट वेगळी. मग परवानाधारक रेंजवर प्रशिक्षकासमोर, रिकाम्या हत्याराने, मुळापासून सुरुवात करा. होल्स्टर (हत्याराचं कमरेचं म्यान) डाव्या हातासाठी बनवलेलंच घ्या. उजव्याचं होल्स्टर उलटं अडकवलं की हत्याराचं बूड पुढे येतं, काढताना नळी स्वतःच्या अंगावरून किंवा शेजाऱ्यावरून फिरते. ट्रिगरचं कडं पूर्ण झाकणारं आणि आकार न सोडणारं होल्स्टर हवं. हत्यार काढताना आणि विशेषतः परत ठेवताना बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, चौकटीवर सरळ. नव्या हाताचं बोट दचकलं की आपोआप मिटतं, म्हणून हे शंभरदा सांगायला लागतं.

हत्याराची रचनाही बघा. कानपूरच्या सरकारी कारखान्याची जुन्या घडणीची .३२ रिव्हॉल्व्हरं वरून मोडून उघडतात, त्यामुळे गोळ्या भरणं डाव्या हाताला फार जड जात नाही. ज्या रिव्हॉल्व्हरांचं सिलिंडर बाजूला उघडतं ते बहुधा डावीकडे उघडतं, म्हणजे डाव्या हाताने धरणाऱ्याच्या सोयीचं नाही. स्वयंचलित पिस्तुलात सेफ्टी आणि मॅगझिनचं बटण बऱ्याचदा डाव्या बाजूला, उजव्या अंगठ्यापाशी असतं. ही कामं डाव्या हाताने नळी सुरक्षित दिशेला ठेवून जमतात का, ते रिकाम्या हत्यारावर पारखून घ्या. आणि लग्नात किंवा मिरवणुकीत बार काढणं हा शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, मग हात कुठलाही असो.

२५ मीटरला काही वेगळं?

.२२ च्या स्पर्धा पिस्तुलांतून काडतुसांची रिकामी टोपणं साधारणपणे उजवीकडे उडतात. डाव्या हाताने मारताना ती तुमच्या चेहऱ्यासमोरून जातात, तेव्हा संरक्षक चष्म्याशिवाय उभं राहू नका आणि शर्टाचं वरचं बटण लावा. गरम टोपण गळ्यात गेलं की माणूस हातातलं पिस्तूल विसरून नाचतो, आणि तीच वेळ धोक्याची. रॅपिडला हात वर यायची लय लागते, ती १० मीटरवर हात बसल्याखेरीज सुरू करू नका.

डावा हात तयार होईपर्यंत उजव्याचं काय?

दुखापत नसेल तर उजव्याने थोडा सराव चालू ठेवा. एका हाताने शिकलेल्याचा काही भाग दुसऱ्याला मिळतो, हे शरीरविज्ञानात मान्य आहे. उजव्याने पाच ड्राय शॉट घ्या, बोट कसं येतं ते नीट अनुभवा, लगेच डाव्याने पाच. मात्र स्कोअरशीटवर दोन हातांची तुलना करत बसू नका.

हात कायमचा अधू आहे. पॅरा गटात जाता येईल?

पिस्तुलासाठी एसएच-१ (आधाराच्या स्टँडशिवाय हत्यार धरू शकणाऱ्यांचा) हा गट आहे. त्यात बसता की नाही हे वर्गीकरणाच्या तपासणीत ठरतं, नुसत्या अपंगत्वाच्या दाखल्याने नाही. आधी क्लबच्या प्रशिक्षकामार्फत पॅरा नेमबाजीतल्या लोकांशी बोला. सर्वसाधारण गटातही डाव्या हाताने उतरायला कसलीच आडकाठी नाही. टाकाच दोन्ही वेळा तिथेच जिंकला.

किती दिवसांत जुना स्कोअर येईल?

बोटावर अवलंबून आहे. रोज ड्राय करणाऱ्याला काही महिन्यांत ग्रुप दिसायला लागतो. जुना स्कोअर यायला एखादा हंगाम, कधी जास्त. ६० शॉट, ७५ मिनिटं एवढा वेळ डावा खांदा टिकतो का, हे स्पर्धेत नाव देण्याआधी पूर्ण मॅच सलग मारून बघा. चाळिसाव्या शॉटनंतर काय होतं ते दहा-दहा शॉटच्या पहिल्या दोन सीरिजमध्ये कळत नाही.

उजव्या हाताची ग्रिप विकून टाकू का?

डॉक्टरांनी उजवा हात परत येणार नाही असं सांगितलं असेल तर विका. उजव्या ग्रिपला गिऱ्हाईक लगेच मिळतं. नाहीतर कपड्यात गुंडाळून, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि स्क्रूची भोकं सैल होतात.